मराठी प्रबंध शोधगंगेपर्यंत पोहोचवताना

मी एका राज्य विद्यापीठाच्या ग्रंथालयात सहायक ग्रंथपाल म्हणून काम करते आणि गेली काही वर्षे प्रबंध विभाग माझ्याकडे आहे. २०१९ च्या पावसाळ्यात मराठी विभागातला एक विद्यार्थी पीएच. डी.चा आराखडा घेऊन माझ्याकडे आला. एका जिल्ह्यातील शाहिरी परंपरा हा त्याचा विषय होता आणि संशोधन मान्यता समितीपुढे जाण्याआधी या विषयावर पूर्वी काम झालेले नाही, याची त्याला खात्री करून घ्यायची होती. प्रबंधांच्या 'शोधगंगा' या ऑनलाइन भांडारात त्याने मराठीतून आणि इंग्रजीतून शोधून पाहिले होते, तिथे काही सापडले नव्हते आणि त्यावर विसंबून मार्गदर्शकांनी आराखड्यावर सहीही केली होती. मी सवयीने आतल्या खोलीत गेले आणि दाखल नोंदवही उघडली. त्याच जिल्ह्याच्या शाहिरीवर १९८३ साली आमच्याच विद्यापीठाने पदवी दिलेली होती. काळ्या रेक्झिनच्या बांधणीतला तो प्रबंध मी त्याच्यापुढे ठेवला, तेव्हा तो बराच वेळ नुसती पाने उलटत राहिला. मग त्याने विचारले, "मॅडम, हा नेटवर का नाही?"

या प्रश्नाचे उत्तर मला तेव्हा नीट देता आले नाही. पुढची तीन वर्षे मी जे काम केले ते या प्रश्नातूनच सुरू झाले, म्हणून ते तपशिलाने लिहून ठेवते आहे. ज्या ग्रंथालयांत अजून हे काम व्हायचे आहे, तिथल्या सहकाऱ्यांना यातले काही उपयोगी पडेल अशी मला आशा आहे.

शोधगंगा हे भारतीय विद्यापीठांतील प्रबंधांचे एकत्रित डिजिटल भांडार आहे. ते चालवणारे इन्फ्लिबनेट केंद्र आज गांधीनगरला असले, तरी त्याची सुरुवात १९९१ साली पुण्याच्या आयुका या खगोलशास्त्राच्या संशोधन केंद्रामध्ये एक प्रकल्प म्हणून झाली आणि १९९६ साली ते स्वतंत्र केंद्र झाले. विद्यापीठ अनुदान आयोगाने २००९ साली पीएच. डी.संबंधीचे जे विनियम काढले, त्यांत प्रबंधाची इलेक्ट्रॉनिक प्रत जमा करण्याची तरतूद आली. त्यामुळे त्यानंतरचे प्रबंध हळूहळू का होईना, तिथे पोहोचू लागले. प्रश्न त्याआधीच्या प्रबंधांचा होता. ते स्कॅन करायचे तर पैसा, माणसे आणि वेळ विद्यापीठाने उभा करायचा असतो. आमच्याकडे विज्ञान शाखेचे जुने प्रबंध तुलनेने लवकर गेले, कारण ते इंग्रजीत होते आणि इंग्रजी मजकुराला यंत्र सरावलेले होते. मराठी, संस्कृत, इतिहास या विभागांतले मराठीत लिहिलेले प्रबंध मागे राहिले. ते राहिलेले आहेत हे आम्हा ग्रंथालयातल्या लोकांनाही जाणवले नव्हते, याची मला आजही खंत वाटते.

खरे तर त्यांतल्या काही प्रबंधांचे स्कॅनिंग पूर्वी एकदा झालेले होते. बाहेरच्या एका संस्थेला पानामागे ठरावीक दराने हे काम दिले गेले होते आणि त्या फायली एका हार्ड डिस्कवर कपाटात पडून होत्या. त्या वापरता आल्या तर निम्मे काम वाचेल या आशेने मी त्या तपासायला बसले. पहिल्याच दिवशी शाहिरीवरच्या त्या प्रबंधाची फाईल उघडली आणि मूळ प्रत शेजारी ठेवून ओळीमागून ओळ ताडून पाहिली. मूळ पानावर 'मंद' होते, पडद्यावर 'मद' दिसत होते. 'वंश' या शब्दाचा 'वश' झाला होता, 'रंग' या शब्दाचा 'रग'. पुढच्या एका पानावर याच्या नेमके उलटे घडले होते. तिथे कागदावर कसरीचा बारीक डाग होता आणि त्यामुळे 'गड' या शब्दाचा 'गंड' झाला होता.

कारण शोधायला दोन दिवस गेले. १९८० च्या दशकाच्या मध्यापर्यंतचे आमचे बहुतेक प्रबंध मराठी टंकलेखन यंत्रावर, कार्बन लावून काढलेले आहेत. स्वच्छ पहिली प्रत परीक्षकाकडे जायची आणि ग्रंथालयाच्या वाट्याला पुष्कळदा तिसरी किंवा चौथी यायची. यंत्रावरचा अनुस्वार म्हणजे एक बारीक ठिपका. पातळ कागदाच्या तिसऱ्या थरापर्यंत त्याचा ठसा जेमतेम उमटतो. ते स्कॅनिंग निव्वळ काळ्या-पांढऱ्या पद्धतीने केलेले होते. त्या पद्धतीत पानावरचा प्रत्येक बिंदू काळा धरायचा की पांढरा, एवढेच यंत्र ठरवते आणि मधल्या करड्या छटा टाकून देते. फिकट अनुस्वार पांढऱ्यात जमा झाले होते आणि डाग काळ्यात. इंग्रजी मजकुरात आय किंवा जे यांच्या डोक्यावरचा ठिपका गेला तरी वाचणाऱ्याचे फारसे अडत नाही. मराठीत तो ठिपका गेला की शब्दच बदलतो. त्या हार्ड डिस्कवरच्या सगळ्या मराठी फायली बाजूला ठेवून काम पहिल्यापासून करावे लागेल, असा अहवाल मी ग्रंथपालांना दिला. त्यांनी तो वाचला, स्वतः खाली येऊन ती दोन पाने पाहिली आणि नवीन ओव्हरहेड स्कॅनरचा प्रस्ताव वर पाठवला. त्यांच्या त्या सहीसाठी मी त्यांची कायमची ऋणी आहे.

स्कॅनर येईपर्यंत आम्ही प्रबंधांची अवस्था पाहून घेतली. माझ्याबरोबर दोन कंत्राटी सहायक मुली आणि बांधणी विभागातले, निवृत्तीला दोन वर्षे उरलेले एक काका होते. काकांनी एकेक प्रबंध हातात घेऊन पाठीवरून बोट फिरवायचे आणि सांगायचे, "ताई, हा सपाट उघडेल," किंवा "याची शिवण आत खाल्लीय, याला पाळणा लागेल." इंग्रजी व्ही अक्षराच्या आकाराचा जो आधार पुस्तक अर्धवट उघडे धरतो, त्याला ते पाळणा म्हणत आणि आम्हीही मग तोच शब्द वापरू लागलो. ज्यांची बांधणी पुरती सुटली होती ते त्यांनी आधी उलगडले, स्कॅन झाल्यावर पुन्हा शिवले. एकाही प्रबंधाची पाठ कापायची नाही हे आम्ही पहिल्या दिवशीच ठरवले होते. कापलेली पाने स्कॅनरमधून भराभर जातात हे खरे आहे, पण आमच्याकडे दुसरी प्रत नव्हती.

पाने तीनशे डीपीआयला, म्हणजे इंचाला तीनशे बिंदू या प्रमाणात, आणि करड्या छटांसह घ्यायची, फार फिकट पाने चारशेला, मूळ प्रतिमा टिफ स्वरूपात जपून ठेवायच्या आणि त्यांवरून वाचकांसाठी पीडीएफ करायची, असा क्रम बसला. फायली मोठ्या झाल्या, साठवणुकीचा खर्च वाढला, त्याबद्दल वरून विचारणाही झाली. त्या वेळी 'मंद' आणि 'मद' असलेली ती दोन पाने मी नेऊन दाखवली. त्यानंतर पुन्हा विचारणा झाली नाही.

स्कॅन केलेले पान म्हणजे छायाचित्र. त्यात शब्द शोधता यायला हवे असतील, तर यंत्राला ती अक्षरे वाचता यावी लागतात आणि ते काम ओसीआरचे. आम्ही टेसरॅक्ट हे मुक्तस्रोत सॉफ्टवेअर वापरले. मूळचे ते एचपी कंपनीत १९८५ ते १९९४ या काळात घडले, २००५ साली सर्वांसाठी खुले झाले आणि २०१८ च्या चौथ्या आवृत्तीपासून त्यात न्यूरल नेटवर्कवर आधारलेली वाचनपद्धती आली. मराठीसाठी त्याची स्वतंत्र भाषाफाईल आहे. छापील मजकुरावर त्याचे काम मला पुष्कळच चांगले वाटले. टंकलिखित मराठीवर मात्र ते जागोजागी अडखळत होते. टंकलेखन यंत्रावर मराठी अक्षर एका ठोक्यात पूर्ण होत नाही, अर्धे अक्षर, मग काना, मग वरची मात्रा असे ते जोडले जाते आणि जुन्या यंत्रांवर हे तुकडे एकमेकांपासून थोडे सरकलेले असतात. त्यामुळे 'ख' हा 'रव' म्हणून वाचला जाई, 'घ' आणि 'ध', 'भ' आणि 'म', 'थ' आणि 'य' यांची अदलाबदल होई. 'शाहिराची भाषा' ही साधी शब्दजोडी एका प्रबंधात 'भापा', 'माषा', 'मापा' अशा तीन रूपांत आमच्यापुढे आली.

सगळा मजकूर दुरुस्त करणे आम्हा चौघांच्या आवाक्यात नव्हते. म्हणून आम्ही मर्यादा आखून घेतली. शीर्षकपृष्ठ, अनुक्रमणिका, प्रकरणांची शीर्षके, निष्कर्षाचे प्रकरण आणि संदर्भसूची एवढा भाग माणसाने वाचून शुद्ध करायचा, बाकीचा यंत्राने वाचला तसा प्रतिमेच्या मागे ठेवायचा. संदर्भसूचीचा आग्रह माझा होता. संशोधक प्रबंधाकडे येतो तो कित्येकदा संदर्भसूचीसाठीच, आणि जुन्या मराठी प्रबंधांच्या सूचीत अशी स्थानिक नियतकालिके, गावोगावच्या मंडळांच्या स्मरणिका, कीर्तनकारांच्या खासगी वह्या यांच्या नोंदी आहेत की ज्या मला इतर कुठल्याही तालिकेत दिसलेल्या नाहीत.

इथे आणखी एक गोष्ट ध्यानात आली. १९६२ साली शुद्धलेखनाचे नवे नियम लागू झाले आणि व्युत्पत्तीने सिद्ध न होणारे अनुस्वार मराठीतून गेले. त्याआधीच्या पुस्तकांत 'नाहीं', 'कांहीं', 'करणें', 'घरीं' असे लिहिलेले असते, आणि प्रबंधकार जुन्या पुस्तकातला उतारा देतात तेव्हा तो तसाच देतात, तसा देणेच योग्य आहे. आमच्या एका सहायक मुलीने सद्भावनेने असे उतारे आजच्या लेखनाप्रमाणे 'सुधारायला' सुरुवात केली होती. चूक लक्षात आल्यावर तिला रडू आले. मी तिला माझ्या टेबलाशी बसवून दोन्ही पद्धतींची पाने दाखवली आणि मग आम्ही ठरवले की मजकुराला हात लावायचा नाही, शोधण्यासाठी द्यायच्या शब्दांत मात्र आजचे रूप द्यायचे. पुढे या कामात तिच्याइतके काटेकोर दुसरे कोणी नव्हते.

कागदी प्रबंधांचे काम मार्गी लागल्यावर मला वाटले होते की अवघड भाग संपला. २००० नंतरचे प्रबंध संगणकावरच टाइप झालेले, त्यांच्या सीडी आमच्याकडे जमा होत्या, त्या थेट चढवता येतील अशी माझी कल्पना होती. पहिली सीडी उघडली, पडद्यावर उत्तम वळणाचे मराठी दिसले. सहज म्हणून शीर्षकातला 'मराठी' हा शब्द उचलून नोटपॅडमध्ये चिकटवला. तिथे उमटली ती पाच रोमन अक्षरे: ई, जे, के, मोठा बी आणि एच. प्रबंध कृतिदेव फाँटमध्ये होता. युनिकोड, म्हणजे प्रत्येक लिपीतल्या अक्षराला स्वतःचा क्रमांक देणारी प्रमाण पद्धत, रुळण्यापूर्वी मराठी टंकन मुख्यतः अशाच फाँटांतून होई. इंग्रजी अक्षरांच्या जागी देवनागरीची चित्रे बसवलेली असत, डोळ्यांना मराठी दिसे आणि संगणकाच्या लेखी मात्र ती इंग्रजी अक्षरांची ओळ असे. त्या काळात या फाँटांनी डीटीपीची दुकाने चालवली, वर्तमानपत्रे आणि पुस्तके छापली, कार्यालयांचे कामकाज मराठीत आणले. त्यांचे ते ऋण मोठे आहे. अडचण एवढीच की अशी फाईल तुम्ही जगातल्या कितीही चांगल्या भांडारात ठेवली, तरी 'मराठी' असा शब्द टाकून ती कुणालाही सापडणार नाही.

आता मला त्या विद्यार्थ्याच्या प्रश्नाचे उरलेले अर्धे उत्तर मिळाले. आमच्या विद्यापीठाचे कितीतरी प्रबंध शोधगंगेवर प्रत्यक्ष होते, पण त्यांचा मजकूर असा बंद होता. याचा आणखी एक परिणाम मला जास्त गंभीर वाटतो. आयोगाच्या २०१८ च्या विनियमांनुसार प्रबंधाची साम्यतपासणी, म्हणजे मजकूर दुसरीकडून उचललेला आहे का याची संगणकीय तपासणी, सक्तीची झाली आणि दहा टक्क्यांपर्यंतचे साम्य क्षम्य धरले गेले. कृतिदेवमधला प्रबंध तपासणीला टाकला, तर त्या प्रणालीला त्यात मराठी वाक्ये दिसतच नाहीत, मग ती कशाशी जुळवणार? आकडा नगण्य येतो आणि प्रमाणपत्र मिळते. प्रामाणिक संशोधकाचे त्यात नुकसान नाही असे वरवर वाटेल. पण त्याच्या स्वतःच्या प्रबंधातली पाने उद्या कुणी उचलली, तर तेही उघडकीस येणार नाही.

रूपांतर करणारी साधने आहेत, ती आम्ही वापरली. त्यांतून मजकूर युनिकोडमध्ये आला, पण सरळ आला नाही. सर्वांत जास्त वेळ 'शेतकऱ्यांच्या' या एका शब्दाने घेतला. मराठीतला हा अर्धा र, ज्याला आपण आडवा रफार म्हणतो, युनिकोडमध्ये दोन तऱ्हांनी लिहिता येतो. एकीत नुक्त्याचा ऱ घेऊन त्याचा पाय मोडतात, दुसरीत साध्या र चा पाय मोडून पुढे शून्य रुंदीचे, न दिसणारे जोडचिन्ह टाकतात. पडद्यावर दोन्ही अगदी एकसारखे दिसतात. संगणक त्यांना दोन वेगळे शब्द मानतो. रूपांतरकांनी त्यात तिसऱ्या रूपाची भर घातली होती. पुष्कळ ठिकाणी आडव्या रफाराचा डोक्यावरचा रफार झाला होता आणि 'शेतकर्यांच्या' असे 'कार्य' या शब्दातल्यासारखे रूप तयार झाले होते. आमच्या तालिकेत हा शब्द टाकून शोधले, तेव्हा कृषी अर्थशास्त्र, समाजशास्त्र आणि मराठी या तीन विभागांचे मिळून जेवढे प्रबंध यायला हवे होते, त्यांतला जेमतेम तिसरा हिस्सा आला. ज्या राज्यात शेतकऱ्यांच्या प्रश्नावर इतके लिहिले जाते, तिथे हाच शब्द शोधता येऊ नये याने मी अस्वस्थ झाले. पुढे पंधरवडाभर आम्ही सगळ्या नोंदींतली ही रूपे एका रूपात आणली. 'ॲ' या अक्षराचेही असेच तीन प्रकार निघाले, तेही एक केले.

त्यानंतरचा टप्पा मेटाडेटाचा, म्हणजे प्रबंधाच्या वर्णनाच्या नोंदीचा. माझ्या मते सगळ्या कामाचा कस इथे लागतो. शीर्षक, संशोधक, मार्गदर्शक, विभाग, वर्ष, पारिभाषिक शब्द एवढीच ती क्षेत्रे आहेत, आणि ती भरायला कुणालाही बसवता येईल असे पुष्कळांना वाटते. पण शाहिरीवरच्या प्रबंधाला 'पोवाडा' हा शब्द द्यायचा की 'पवाडा'? महात्मा फुले यांनी १८६९ साली शिवाजी महाराजांवर रचलेल्या काव्याच्या शीर्षकात 'पवाडा' आहे, आज आपण बोलतो ते 'पोवाडा'. आम्ही दोन्ही शब्द दिले, आणि रोमनमध्ये डब्ल्यू आणि व्ही अशी दोन्ही लेखने दिली. 'ज्ञानेश्वरी'चा गुंता तर याहून मोठा आहे. आपला मराठी माणूस रोमनमध्ये 'ज्ञ' साठी डी, एन, वाय लिहितो, हिंदी भाषक जी आणि वाय लिहितो, आणि अमेरिकेतल्या ग्रंथालयांच्या तालिकांत लिप्यंतराच्या नियमानुसार तो जे आणि एन ने सुरू होतो. ज्ञानेश्वरीवर आमच्याकडे झालेला प्रबंध शिकागोतल्या अभ्यासकाला सापडायचा असेल आणि आळंदीच्या अभ्यासकालाही सापडायचा असेल, तर ही सगळी लेखने आणि अर्थातच मूळ देवनागरी नोंदीत असायला हवीत.

व्यक्तिनामांचे तसेच. एकच मार्गदर्शक वेगवेगळ्या प्रबंधांत आद्याक्षरांसह, पूर्ण नावाने, 'प्राचार्य डॉ.' लावून, कधी माहेरच्या तर कधी सासरच्या आडनावाने येतात. स्त्री संशोधकांच्या बाबतीत हे फार झाले आहे, पदवीच्या वेळचे नाव एक आणि पुढच्या सगळ्या लेखनावरचे दुसरे. त्यांचे काम दोन अनोळखी स्त्रियांचे म्हणून विखुरलेले राहते. आम्ही नावांची एक प्रमाण यादी केली आणि प्रत्येक नावाखाली त्याची इतर रूपे नोंदवली. ती यादी आजही मी स्वतः सांभाळते, दुसऱ्या कुणाकडे देत नाही.

संमतीचा भाग वेगळा सांगायला हवा. प्रबंधाचा लेखनाधिकार लेखकाचा असतो आणि भारतीय कायद्याप्रमाणे तो लेखकाच्या हयातीत व त्याच्या निधनानंतर साठ वर्षे टिकतो. जुन्या संशोधकांनी इंटरनेटसाठी संमती देण्याचा प्रश्नच त्या काळी नव्हता. आमच्या विद्यापीठाने प्रत्येकाला किंवा त्यांच्या वारसांना पत्र पाठवायचे ठरवले. पुष्कळ पत्रे पत्ता बदलल्याने परत आली. ज्यांची उत्तरे आली, त्यांत नकार फार थोडे होते. शाहिरीवरच्या त्या प्रबंधाचे लेखक हयात नव्हते. त्यांच्या कन्या स्वतः आल्या, संमतीपत्रावर सही केली आणि पिशवीतून एक कागदात गुंडाळलेला गठ्ठा काढला. ती वडिलांकडची प्रत होती, म्हणजे कार्बनची पहिली. "बाबांनी नंतर यात पुष्कळ दुरुस्त्या केल्या आहेत, त्या चालतील का?" असे त्यांनी विचारले.

समासात निळ्या शाईने बारीक अक्षरांत नोंदी होत्या. एका शाहिराचे गाव चुकले होते ते दुरुस्त केले होते, दुसऱ्याच्या नावापुढे मृत्यूचे साल घातले होते, आणि एका पोवाड्याच्या गहाळ कडव्यासाठी पानाला दोऱ्याने चिठ्ठी शिवलेली होती. परीक्षकांनी मान्य केलेला प्रबंध म्हणून ग्रंथालयाची प्रतच भांडारात गेली पाहिजे, हा नियम मी त्यांना सांगितला. त्यांना तो पटला. पण पहिल्या प्रतीवरचे अनुस्वार स्पष्ट होते, म्हणून आमच्या प्रतीत जी पाने वाचता येत नव्हती ती ताडून पाहायला आम्ही ही प्रत वापरली, आणि दुरुस्त्यांसह ती संपूर्ण स्वतंत्रपणे स्कॅन करून विद्यापीठाच्या स्वतःच्या भांडारात लेखकाची सुधारित प्रत म्हणून ठेवली. दोन्ही नोंदी एकमेकींना जोडल्या. मूळ गठ्ठा काकांनी नव्या पुठ्ठ्यात बांधून त्या ताईंना परत केला.

चढवण्याची क्रिया त्या मानाने सोपी होती. शोधगंगा डीस्पेस या सॉफ्टवेअरवर चालते. विद्यापीठाच्या समन्वयकाला प्रवेशनाम मिळते, प्रबंध प्रकरणवार वेगवेगळ्या पीडीएफमध्ये तोडून क्रमांकांनिशी द्यायचा असतो, आधी शीर्षकपृष्ठ, मग प्रमाणपत्र, मग पुढचे. नोंद मंजूर झाली की तिला कायमचा क्रमांक मिळतो. त्याची सुरुवात १०६०३ ने होते आणि उद्या संकेतस्थळाची मांडणी बदलली तरी त्या क्रमांकावरून प्रबंध उघडावा अशी ती योजना आहे. तो क्रमांक आम्ही कोहा या ग्रंथालय-सॉफ्टवेअरवरच्या आमच्या तालिकेतल्या नोंदीत ८५६ या, दुव्यासाठीच्या क्षेत्रात भरला, म्हणजे आमच्या वाचनकक्षात बसून शोधणाऱ्यालाही एका टिचकीत पूर्ण प्रबंध दिसतो. हे शेवटचे पाऊल पुष्कळ ठिकाणी राहून जाते असे मी पाहिले आहे. प्रबंध एकीकडे, तालिका एकीकडे आणि दोघांना एकमेकांची खबर नाही.

२०२५ च्या सुरुवातीपासून 'एक राष्ट्र एक सदस्यत्व' या योजनेतून तीस आंतरराष्ट्रीय प्रकाशकांची जवळपास तेरा हजार नियतकालिके आमच्या विद्यार्थ्यांना मिळू लागली आहेत. तीन वर्षांसाठी केंद्राने सहा हजार कोटी रुपये मंजूर केले आणि त्याचे समन्वयनही इन्फ्लिबनेटकडेच आहे. विज्ञानाच्या मुलांचे चेहरे मी पाहते, त्यांना खरोखर लाभ झाला आहे. मात्र मराठी साहित्य, लोककला, स्थानिक इतिहास यांचा अभ्यास करणाऱ्यांना लागणारे साहित्य त्या तेरा हजारांत मिळायचे नाही. ते आपल्या तळघरांत, महाविद्यालयांच्या कपाटांत आणि लोकांच्या घरांतल्या गठ्ठ्यांत आहे, आणि ते आपल्यालाच बाहेर काढावे लागेल.

ज्या विद्यार्थ्यामुळे हे सुरू झाले, त्याने विषय सोडला नाही. १९८३ च्या प्रबंधात ज्या शाहिरांच्या मुलाखती होत्या, त्यांच्या पुढच्या पिढीकडे तो गेला आणि चाळीस वर्षांत काय बदलले याचा त्याने अभ्यास मांडला. मान्यता समितीने तो आराखडा आनंदाने स्वीकारला.

आता नवीन प्रबंध जमा करायला संशोधक येतात तेव्हा मी सीडी किंवा पेन ड्राईव्ह त्यांच्यासमोरच उघडते. पीडीएफमधली मधल्याच कुठल्यातरी पानावरची एक ओळ उचलते आणि नोटपॅडमध्ये चिकटवते. मराठी उमटले तर पावती देते. रोमन अक्षरे उमटली तर खुर्ची पुढे सरकवून त्यांना बसवते आणि रूपांतर कसे करायचे ते दाखवते, मग परत पाठवते. मुदतीचा शेवटचा दिवस असला की लोक काकुळतीला येतात, विभागप्रमुखांचा फोन येतो. तेव्हा मी जमा केल्याची तात्पुरती नोंद करते आणि आठ दिवसांची मुदत देते, पण अंतिम पावतीवर सही करत नाही. मागच्या महिन्यात एक संशोधिका चौथ्या दिवशी परत आल्या. ओळ चिकटवली, मराठी उमटले. त्यांनी मग स्वतःच 'शेतकऱ्यांच्या' हा शब्द टाकून आपल्या फाईलमध्ये शोध घेतला आणि दोनशेचौदा ठिकाणे निघाल्यावर म्हणाल्या, "मॅडम, परवापर्यंत यात एकही सापडत नव्हता."